भाड्याचं गणित आणि चावणारी चप्पल

कर्ज डोक्यावर असताना दुकान घालू नये, हे माझं मत इतकं पक्कं होतं की कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचे. कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकणाऱ्या आम्हा काही जणींचा एक गट आहे. त्यातली कुणी गाळा बघायला निघाली की पहिली आडवी यायचे ती मी. भाडं, डिपॉझिट, वीज, हाताखाली एक मुलगी, शिवाय रोज सकाळी शटर वर करून बसणं आलं. विक्री होवो न होवो, पहिल्या तारखेला मालक दारात उभे. ऑनलाइनला निदान धंदा नाही त्या दिवशी खर्च नाही, असं माझं म्हणणं असायचं.

आता मीच कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत छोटा गाळा घेतला आहे आणि माझं कर्ज फिटलेलं नाही. मैत्रिणींचे टोमणे मारून झालेत, तेव्हा सविस्तर सांगायला हरकत नाही.

आधी कर्जाचं बघू. सोनं ठेवून काढलेलं एक. मुद्रा योजनेतलं ‘किशोर’ गटाचं एक, पन्नास हजार ते पाच लाख या टप्प्यातलं. क्रेडिट कार्डावरचं तिसरं, ज्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. आणि कारागिरांची उधारी. आकड्यानं ही उधारी सगळ्यात लहान, पण सुभाषनगरातून जाताना मी गल्ली बदलायचे ती तिच्यापायीच. बँकेचा मेसेज येतो आणि आपण तो बाजूला सारतो. पण तिथं माझ्या चपला बनवणाऱ्या मामांच्या कारखान्यात त्यांच्या सुना वेणी घालत बसलेल्या असतात, त्यांना कसं बाजूला सारणार?

हे कर्ज मोठं झालं ते जून २०२५ नंतर. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल दिसली, इकडे गदारोळ उठला आणि त्या घाटामागे भारतीय कारागिरी आहे हे कंपनीनं मान्य केलं. ज्यांनी जन्मात कोल्हापुरी घातली नव्हती त्यांनाही ती हवीशी वाटू लागली. मागणी अशी आली की मी कार्डावर जाहिराती वाढवल्या आणि माल उचलला. ऐन पावसाळ्यात. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं भिजवू नये, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. दिल्ली-बेंगळुरूच्या नव्या गिऱ्हाइकांना ते कुठून असणार? आणि नवी कोल्हापुरी सुरुवातीला चावते, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी पार्सलमध्ये कार्ड घालायचे: आठ दिवस घरात वापरा, अंगठ्याला तेल लावा. ते कार्ड कुणी वाचत नाही. चप्पल चावली की रिटर्न.

तो पावसाळा सरल्यावर मी पहिल्यांदा एका जोडाचा हिशोब नीट मांडला. आधी कधी मांडला नव्हता असं नाही, पण विकल्या गेलेल्या जोडाचा मांडायचे. परत आलेल्याचा नाही. बाराशेला विकलेल्या जोडात जीएसटी सत्तावन्न रुपये. कारागिराला सातशे. कुरिअर नव्वद, खोकं पंचवीस, आणि ते गिऱ्हाईक माझ्यापर्यंत आणायला जाहिरातीचे दीडशे. हाती राहतात एकशे अठ्ठ्याहत्तर. तोच जोड परत आला तर जाण्याचे नव्वद, येण्याचे नव्वद, खोकं आणि जाहिरात मिळून तीनशे पंचावन्न गेले. म्हणजे एक रिटर्न दोन विक्र्या खातो. माझ्याकडे शंभरातले पंचवीस परत यायचे. पंचाहत्तर जोडांवर मिळालेल्या तेरा हजार तीनशे पन्नासातून पंचवीस जोडांचे आठ हजार आठशे पंच्याहत्तर वजा केले, की शंभर पार्सलं बांधून राहतात साडेचार हजारांच्या आतच. त्यातून व्याज भरायचं.

शिवाय परत आलेला जोड नवा राहत नाही. कुणी एकदा फरशीवर चालून बघितलं तरी तळाला ओरखडे उमटतात. पट्ट्यावर घामाचा डाग पडला तर तो निघतच नाही. माझ्या माजघरात अशा जोडांची चळत छातीपर्यंत आली होती. सासूबाई म्हणायच्या, पाहुणे आले की यांना आधी बाहेर बसवावं लागतं.

माझं मत फिरायला सुरुवात झाली ती या चळतीपासून. ओळखीपाळखीच्या लोकांना मी सांगितलं, थोडे ओरखडे आहेत, स्वस्तात देते, घरी येऊन बघा. लोक आले. माजघरात पाट टाकून बसवलं, पायाखाली कागद धरला, पेन्सिलनं पाऊल आखलं. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो हे मला तिथं कळलं. नंबर सांगताना माणूस एकच सांगतो. कुणाचा चवडा रुंद, कुणाच्या पायाची पाठ उंच. नंबर बरोबर असून चप्पल चावते ती यामुळे. पट्टा जरा सैल हवा असला तर जोड बाजूला ठेवायचे, मामा दुसऱ्या दिवशी ठोकून, ओढून बसता करून द्यायचे. चावेल, तेल लावा, आठवडाभर घरात घाला, हे मी तोंडानं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि खरंच तसं करतात. त्या माजघरातून गेलेली एकही चप्पल परत आली नाही.

मामांना हे सांगितलं तर ते हसले. “ताई, पाय बघितला न्हाई आन् चप्पल धाडली. चावणारच की!”

तरीही गाळा हा शब्द मी तोंडातून काढत नव्हते. घरी लोक येतात तेवढं पुरे, असं धोरण होतं. पण घर दुसऱ्या मजल्यावर, सासऱ्यांची दुपारची झोप, आणि अनोळखी पुरुष गिऱ्हाईक घरात घ्यायला मला नको वाटायचं. मग एका रात्री वहीत दोन आकडे शेजारी शेजारी पडले. शंभर ऑर्डरींना जाहिरातीचे महिन्याला पंधरा हजार. आणि राजारामपुरीतल्या त्या गाळ्याचं भाडं बारा हजार. भाडं मी भरतच होते, फक्त गाळा नव्हता. माझ्या मतातला ‘धंदा नाही तर खर्च नाही’ हा भाग तिथं कोसळला. जाहिरात बंद केली की ऑर्डर बंद, ऑर्डर बंद की हप्ता थकला. तेव्हा तो खर्च ऐच्छिक होता असं म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुकानात बाराशेच्या जोडामागे, पिशवीचे दहा धरूनही, चारशे तेहतीस सुटतात. भाडं आणि वीज मिळून तेरा हजार धरले तर महिन्याला तीसेक जोड विकले की गाळा स्वतःचं स्वतः बघतो. दिवसाला एक जोड. हाताखाली मुलगी ठेवलेली नाही, मीच बसते. माझ्या बसण्याचा पगार या हिशोबात नाही, हे आमच्या यजमानांनी लगेच दाखवून दिलं. बरोबर आहे त्यांचं. पण पार्सलं बांधण्याचा तरी मला कुणी पगार देत होतं?

दुसरं कारण नकलेचं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा माल कोल्हापुरी नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पण मोबाइलच्या पडद्यावर रेक्झिनची चप्पल आणि आमची चप्पल सारखीच दिसते, आणि ती चारशेला मिळते. फोटोत मी कितीही लिहिलं तरी भावात हरायचे. हातात घेतली की वजन कळतं, वास कळतो, वादीची शिवण दिसते. भावाचा वाद तिथं निम्मा मिटतो.

पण दुकानाची माझी जुनी भीती खोटी नव्हती, हेही सांगते. ओळखीची माणसं ओळखीचा भाव मागतात. “वहिनी, पुढच्या महिन्यात देतो” हे वाक्य ऑनलाइनमध्ये ऐकू येत नाही. आणि गल्ल्यातली रोकड फसवी असते. संध्याकाळी चार हजार दिसले की ते आपलेच वाटतात, येताना त्यातून भाजी येते, दूध येतं, आणि कारागिराचे सातशे त्याच नोटांत होते हे महिनाअखेरीला आठवतं. मी आता जोड विकला की त्याच क्षणी सातशे वेगळ्या डब्यात टाकते. तो डबा शनिवारी मामांकडे जातो. सुभाषनगरातून हल्ली मी सरळ रस्त्यानं जाते.

महाद्वार रोडवर किंवा चप्पल लाइनीत का नाही गेलीस, असं सगळे विचारतात. तिथलं डिपॉझिट मला नवं कर्ज काढूनच भरावं लागलं असतं, आणि माझ्या जुन्या मतातला तेवढा भाग मी सोडलेला नाही. गाळ्याचं डिपॉझिट त्या माजघरातल्या चळतीतून उभं राहिलं. फर्निचर म्हणजे एक लाकडी बाक, दोन मांडण्या आणि पाऊल आखायला पाट. ज्यांना उद्घाटनाला फुलांची कमान आणि काचेची शोकेस हवी असते, त्यांनी कर्ज असताना खरंच दुकान घालू नये. मी मुहूर्त साधला, नारळ फोडला आणि पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी देवापुढे ठेवली, एवढंच.

करारात मात्र मी चार दिवस घासाघीस केली. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकावर टाकली आहे. मालकांच्या मसुद्यात तीन वर्षं सोडायचं नाही असं कलम होतं. भाडं पाचशेनं वाढवा हवं तर, म्हटलं, पण सहा महिन्यांनी मला बाहेर पडता आलं पाहिजे. ते बाराशेंनी वाढवायला निघाले. मधे कुठेतरी जमलं. आणखी एक गोष्ट आमच्या सीएनं सांगितली नसती तर मी सपशेल अडकले असते. मालकांची जीएसटी नोंदणी नाही, माझी आहे. अशा गाळ्याच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी १० ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरूनं स्वतः भरायचा असतो. नंतर वजावट मिळते, पण भरताना रोख मोजावी लागते. बारा हजारांवर ते दोन हजारांहून जास्त होतात, आणि गाळा दाखवणारा एजंट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

ऑनलाइन मी बंद केलेलं नाही. पुण्या-मुंबईची जुनी गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्या पावलांचे कागद माझ्या फायलीत आहेत. त्यांना पाठवलेलं परत येत नाही. जाहिराती मात्र जवळजवळ थांबवल्या. कार्डावरची रक्कम उतरायला लागली आहे, सोनं अजून बँकेतच आहे.

सध्याची काळजी वेगळीच आहे. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. लग्नं नाहीत, म्हणजे फेटा-कोल्हापुरीवाले नवरदेव नाहीत. अधिकात जावयाला वाण देतात, पण त्यात चप्पल कोण देणार? अधिक संपतो तोच पाऊस. त्या चार महिन्यांत एका मांडणीवर रबरी आणि प्लास्टिकची पावसाळी पादत्राणं ठेवायची, असं मी ठरवलं आहे. मामांनी ऐकल्यापासून बोलणं टाकलंय. प्लास्टिकच्या शेजारी माझा माल लावायचा नाही, असा त्यांनी सुनेकरवी निरोप धाडलाय. मी उलट निरोप दिलाय, मग जुलैचं भाडं कशातून काढू ते तुम्हीच सांगा. शनिवारी डबा घेऊन जाईन तेव्हा होईलच काय ते भांडण.