ऑक्सफर्ड ते वॉन्टेज, व्हाया रोम

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर, ऐन रस्त्यात, दगडांचा एक क्रूस बसवलेला आहे. सायकली त्याच्यावरून खुशाल जातात. 1555 च्या ऑक्टोबरात लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना आणि पुढच्या मार्चमध्ये आर्चबिशप क्रॅन्मरला इथे जिवंत जाळलं. क्रॅन्मर म्हणजे इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा कर्ता. तुरुंगात त्याने माघार लिहून दिली होती. आगीत उभा राहिल्यावर सही करणारा उजवा हात त्याने आधी ज्वाळेत धरला. जाळायला लावणारी राणी मेरी आमच्यातली, कॅथलिक. मी वसईची, बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. त्या क्रुसापाशी जरा ओशाळल्यासारखं झालं खरं. पण दहा मिनिटं चालून होलीवेल स्ट्रीटच्या टोकाला गेलं की तिथे दुसरी पाटी आहे : 1589 मध्ये, एलिझाबेथ राणीच्या राज्यात, फासावर चढवलेल्या चार कॅथलिकांची. हिशेब बरोबर होत नाही, पण मान थोडी वर होते.

रविवारी भाचीबरोबर सेंट मेरी मॅग्डलेनमध्ये गेले. हे चर्च अँग्लिकन. पण आत पाऊल टाकताच भाची कुजबुजली, ‘‘मावशी, हे तर आपलंच!’’ पवित्र मरियेचा पुतळा, वेदीवर मेणबत्त्या, घंटा, आणि धूप तर इतका की आमच्या गावच्या फादरांनाही ठसका लागला असता. आमच्याकडे आता गिटार वाजते. जुनी मिस्सा जशीच्या तशी सांभाळली ती पोपला न मानणाऱ्यांनी!

ख्रिस्तप्रसादाची वेळ आली आणि भाची उठायला लागली. मी तिची बाही धरून खाली बसवलं. अँग्लिकनांची ना नव्हती. आपापल्या चर्चमध्ये प्रसाद घेणाऱ्या कुठल्याही बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसाला ते बोलावतात. मनाई आमच्याकडून आहे. 1896 मध्ये पोप तेराव्या लिओंनी अँग्लिकनांच्या दीक्षा साफ रद्दबातल ठरवल्या. म्हणजे रोमच्या लेखी वेदीपाशी उभा असलेला तो भला माणूस धर्मगुरूच नाही, आणि त्याच्या हातातली भाकर ही भाकरच. आम्ही मानतो की धर्मगुरूने शब्द उच्चारले की भाकरीचं ख्रिस्तशरीर होतं. रंग, चव तीच, मूळ तत्त्व बदललेलं. अँग्लिकनांच्या श्रद्धेच्या 39 कलमांपैकी 28 वं कलम म्हणतं, याला बायबलमध्ये आधार नाही. मग माझ्या पुढच्या बाकावरच्या आजी गुडघे टेकून, डोळे मिटून, कुणापुढे झुकल्या होत्या? ख्रिस्त तिथे आहे, असं त्याही मानत असणार. कसा आहे, हे त्यांचं चर्च फार खोदून विचारत नाही. आम्हाला मात्र खोदल्याशिवाय चैन पडत नाही.

दुपारी युनिव्हर्सिटी चर्चमध्ये प्रार्थना चालवायला एक बाई उभ्या होत्या, गळ्यात पांढरी पट्टी. चर्च ऑफ इंग्लंडने 1994 मध्ये स्त्रियांना धर्मगुरू करायला सुरुवात केली. 2025 मध्ये तर सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड जाहीर झाली. त्यांचे धर्मगुरू लग्न करतात, पोरंबाळं वाढवतात. आमच्या फादरांना ती मुभा नाही आणि बायकांना तर वेदीची ती बाजूच नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. आमच्या चर्चमध्ये फुलं, झाडलोट आणि धर्मशिक्षणाचे वर्ग कोण सांभाळतं, ते मला ठाऊक आहे.

त्याच युनिव्हर्सिटी चर्चच्या व्यासपीठावरून जॉन हेन्री न्यूमन प्रवचनं देत. धूप, पापनिवेदन, मठ हे सगळं अँग्लिकनांत परत आणणाऱ्या चळवळीचे ते एक पुढारी. 1841 मध्ये त्यांनी लिहून दाखवलं की ती 39 कलमं कॅथलिक अर्थानेही वाचता येतात. बिशप खवळले. आम्ही बसने लिटलमोरला गेलो. न्यूमननी बांधवलेलं अँग्लिकन चर्च आणि त्यांचं बैठं घर तिथे जवळजवळ आहेत. 1845 च्या ऑक्टोबरात रात्री, पावसात चिंब भिजलेले इटालियन फादर बार्बेरी या घरी आले. विस्तवापाशी अंग शेकत होते, तोच न्यूमन त्यांच्या पायाशी आले आणि कॅथलिक चर्चमध्ये घ्या म्हणाले. विधी, पुतळे, प्रार्थना हे सगळं जवळ असूनही त्यांना एक गोष्ट कमी पडत होती : अखेरचा शब्द कुणाचा? आठव्या हेन्रीने 1534 मध्ये तो पोपकडून काढून स्वतःकडे घेतला, आणि इंग्लंडचा राजा आजही त्या चर्चचा प्रमुख आहे. न्यूमनना ते पुरलं नाही. 2019 मध्ये रोमने त्यांना संत केलं.

भाचीचा वर्ग होता, म्हणून वॉन्टेजला मी एकटीच गेले. शेतांमधून जाणारी बस, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा, आणि गावाच्या कडेला सेंट मेरी द व्हर्जिनच्या सिस्टर्सचा मठ, तो बाहेरूनच पाहिला. मठ अँग्लिकन, 1848 चा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये याच सिस्टर्स काम करत. 1890 मध्ये टिळक-रानड्यांना ज्या मिशनमधला चहा महागात पडला, तेच हे मिशन. पंडिता रमाबाई इंग्लंडला आल्या त्या याच सिस्टर्सच्या आधाराने. 1883 च्या सप्टेंबरात छोट्या लेकीसह, मनोरमेसह, त्यांनी वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला.

आणि सिस्टर्सशी भांडण सुरू झालं. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खाईनात, हे एक. पण खरी ठिणगी पडली ती त्रैक्यावरून, आणि चर्चच्या शिकवणुकीपुढे मान तुकवण्यावरून. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. आजीबाईंचं म्हणणं, चर्च सांगतं ते नम्रपणे स्वीकार. रमाबाईंचं उत्तर 1885 च्या पत्रात आहे : भटभिक्षुकांचं जोखड मी आत्ता कुठे झुगारलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही. चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला, तेव्हा तर त्या अधिकच भडकल्या.

मला यात जेराल्डीनबाईंची अडचण दिसते. पोपला ‘नाही’ म्हणून उभं राहिलेलं त्यांचं चर्च. पण समोरची बाई तोच शब्द त्यांच्या बिशपांना ऐकवायला लागली, तर तिला अडवायचं कशाच्या आधारावर? या मठातल्या अकरा सिस्टर्सनी 2013 च्या पहिल्या दिवशी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला : त्या रोमला मिळाल्या. रमाबाई उलट्या दिशेने निघाल्या, आधी अमेरिकेला आणि मग केडगावला, जिथे मुक्ती मिशनवर कुठल्याच बिशपची सत्ता नव्हती.

परतीच्या बसमध्ये वाटून गेलं, रमाबाई आमच्याकडे, कॅथलिकांकडे आल्या असत्या तर? श्रद्धा आणि नीतीबाबत पोपने अधिकारपदावरून दिलेला निर्णय अचूक असतो, हा सिद्धांत रोमने 1870 मध्ये जाहीर केला होता, रमाबाईंच्या बाप्तिस्म्याच्या तेरा वर्षं आधी. आठवडाभरात त्यांनी आमच्या बिशपांना पत्र धाडलं असतं, आणि ते वाचायला मी वाटेल ते दिलं असतं.