सरावाचे दिवस

४ ऑगस्ट २०२५, पुणे
नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला. पहिली थाप पडली आणि आईनं स्वयंपाकघरातला दिवा मालवला. तिची अर्धशिशी उसळली की कानांबरोबर डोळे आणि नाकही हळवं होतं. उजेड बोचतो, फोडणीच्या वासानं मळमळतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो, होईल सवय." आईला हे वाक्य ढोलापेक्षा जास्त लागतं, आणि मलाही.

७ ऑगस्ट
आईची श्रवणचाचणी अगदी नॉर्मल. आवाज सोसत नाही म्हणून कान जास्त तीक्ष्ण असतात, असं नव्हे. नील वाइनस्टाइन यांनी १९७८ मध्ये आवाजाबद्दलचा हळवेपणा मोजायला २१ प्रश्नांची यादी केली होती. म्हणजे हा त्रास नखरा नाही, हे निदान अभ्यासकांना कधीच पटलेलं आहे.

१० ऑगस्ट
बाबांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. आईला झोप नाही. आज कुकरच्या शिट्टीनं दचकली, साडीचा काठही मानेला टोचतो म्हणाली. काळजीनं शरीरात अॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल वाढतं, सगळी इंद्रियं पहाऱ्यावर बसतात. मग साधा आवाजही धोक्याचा वाटतो आणि त्या दचकण्यानं ताण आणखी चढतो. स्वीडनमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात, मनानं थकलेल्या काही स्त्रियांना थोडा ताण दिल्यावर साध्या बोलण्याएवढा आवाजही नकोसा झाला होता. आईचं आत्ता तेच चाललंय.

१४ ऑगस्ट
ग्लास आणि सिंगर यांच्या १९७२ च्या 'अर्बन स्ट्रेस'मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गोंगाटात बसवलेल्या काहींना आवाज थांबवायचं बटण दिलं, पण शक्यतो दाबू नका असं सांगितलं. बहुतेकांनी दाबलं नाही. तरीही नंतर न सुटणारी कोडी त्यांनीच अधिक चिकाटीनं धरून ठेवली. आवाज आपल्या हातात आहे, एवढ्या जाणिवेनं ताण हलका होतो.

१७ ऑगस्ट
मी पथकप्रमुख मुलाला भेटले. त्यानं नीट ऐकून घेतलं, सरावाचे वार नि वेळा लिहून दिल्या. आता त्या संध्याकाळी आई मावशीकडे जाते.

मला ढोल आवडतो; तो बंद पडावा असं मी म्हणत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी नियमात आहेच. त्याआधीच्या तासांसाठी सगळ्या पथकांना एवढीच विनंती: सरावाचं वेळापत्रक आठवडाभर आधी आसपासच्या सोसायट्यांच्या फलकांवर लावा, आणि ते पाळा.