व्हॉल्व्ह तापेपर्यंत

बेळगावच्या कॅम्प भागातील आमच्या मराठी चर्चची उपासना रविवारी नऊ वाजता सुरू होते. आम्ही मात्र १९८७ पासून २०२३ पर्यंत साडेआठच्या ठोक्यालाच तेथे हजर असू. आमची भक्ती इतरांहून अधिक होती असे मुळीच नव्हे. आमचा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता, एवढेच त्याचे कारण. बटण दाबले की मागच्या जाळीतून काचेच्या नळ्यांच्या पोटात नारिंगी धग दिसू लागे आणि थोड्या वेळाने स्पीकरमधून मंद घुमारा येई. आवाज त्या क्षणापासून निघत असे. पण त्याला अंगची ऊब यायला वीस मिनिटे द्यावी लागतात, असे आमच्या मास्तरांचे ठाम मत होते. ती वीस मिनिटे आम्ही दोघे पहिल्या बाकावर बसून काढीत असू. मास्तर ‘उपासना संगीत’ चाळीत, आम्ही गिटारच्या तारा जुळवीत असू. बोलणे फारसे होत नसे.

हा ॲम्प्लिफायर आम्हाला गोव्यात मिळाला. मडगावजवळचे एक तारवटी गृहस्थ बोटीवरच्या वाद्यवृंदात गिटार वाजवीत. नोकरी संपवून ते घरी परतले तेव्हा त्यांनी इंग्लंडहून आणलेला व्हॉक्स कंपनीचा एसी-थर्टी विकायला काढला. मास्तरांनी आपली भविष्यनिर्वाह निधीतली रक्कम उचलली, आम्ही पहिल्या नोकरीतली शिल्लक घातली आणि अनमोड घाटातून टेंपोने ते धूड बेळगावला आले. धूड हाच शब्द त्याला शोभतो. एकट्याने उचलू गेल्यास कंबर धरावी असे त्याचे वजन. १९६०च्या सुमारास डार्टफर्ड गावी जन्मलेली ही घडण. त्यात ईएल-चौऱ्याऐंशी जातीचे चार व्हॉल्व्ह, बारा इंची दोन स्पीकर आणि ताकद अवघी तीस वॅट. इंग्रजी बनावटीचा असल्यामुळे आपल्या विजेवर तो थेट चाले. त्यावर ‘कट’ नावाचे एक बटण होते. ते उलट्या चालीचे: पुढे फिरवावे तसतसा आवाजातील तीव्रपणा कमी होई. आमच्या दगडी भिंतींना मानवेल अशी त्या बटणाची जागा मास्तरांनी दोन वर्षे खपून शोधली आणि तेथे पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला.

आमच्या चर्चमध्ये गिटार येणे हेही मुळात सोपे नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती भक्तिगीताला अभंग-ओवीच्या वळणावर आणले. टिळक १९१९ मध्ये निवर्तले. पण आमच्या वडीलधाऱ्यांच्या लेखी तो वारसा म्हणजे पेटी, तबला आणि टाळ. त्यात विजेची गिटार म्हणजे सिनेमा! पहिल्या वर्षी कमिटीपुढे आम्हाला दोनदा उभे राहावे लागले. “मंडळीचे लक्ष देवाकडे असावे, वाजवणाऱ्याकडे नव्हे,” असे एका वृद्ध सभासदाने सुनावले होते. मास्तरांनी ते शांतपणे ऐकून घेतले. आम्ही मात्र तो टोमणा समजून मनात ठेवला. त्या वाक्यात तथ्य होते हे कळायला आम्हाला साठी गाठावी लागली.

व्हॉल्व्हमध्ये असे काय होते, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. बेळगावकराला त्याचे उत्तर तंबोऱ्यावरून देता येते. हे गाव वझेबुवांचे. येथून हाकेच्या अंतरावर सुळेभावीला कुमार गंधर्वांचा जन्म झाला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. धागा योग्य जागी आला की एकाच तारेतून मूळ स्वरासोबत इतर स्वरांची झुळूक निघते. व्हॉल्व्हचे काम थोडे तसेच. गिटारवर हात हलका असेल तर आवाज स्वच्छ राहतो. हात जड झाला की व्हॉल्व्हची मर्यादा येते; पण ट्रान्झिस्टरप्रमाणे तो ध्वनिलहरीचा माथा एकदम कापून टाकीत नाही, गोलसर करीत जातो. त्या गोलाईतून नवे उपस्वर जन्म घेतात. बोटांच्या दाबाला यंत्र उत्तर देते आहे असे वाजवणाऱ्याला वाटते, ते यामुळे.

अडचण अशी, की ही जवारी व्हॉल्व्हला पुरेसे ताणल्याशिवाय निघत नाही. तीस वॅट हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण असा ॲम्प्लिफायर ताणला म्हणजे हातभर अंतरावर शंभराहून अधिक डेसिबल सहज भरतात. कौलारू छपराच्या, अडीचशे माणसांच्या सभागृहात त्याचे काय होत असेल ते सांगायला नको. आम्ही त्याचे तोंड भिंतीकडे वळवून पाहिले, पुढे गादी उभी केली, एकदा तर त्याला वेदीमागच्या खोलीत कोंडून वायर बाहेर आणली. प्रत्येक उपायात आवाज थोडा कमी होई आणि रस पुष्कळ कमी होई. शिवाय बेळगावचा पाऊस. आषाढात दमटपणामुळे खरखर सुरू होई. व्हॉल्व्ह गेले की पूर्वी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळत. तो साठा संपला, कारागीरही थकले. पुढे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथल्या कारखान्यांवर साऱ्या जगाची भिस्त उरली; मार्च २०२२ मध्ये रशियातून येणारा माल काही काळ थांबला तेव्हा आमच्यासारख्यांची झोप उडाली.

दरम्यान जगात वेगळेच वारे वाहत होते. १९९५ मध्ये रोलँडने आणि १९९८ मध्ये लाइन सिक्सच्या ‘पॉड’ या तांबड्या यंत्राने ॲम्प्लिफायरची नक्कल गणिताने करण्याचा मार्ग रूढ केला. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचे, २०११ मध्ये जर्मनीतील केम्परचे आणि २०१५ मध्ये ‘हेलिक्स’ हे यंत्र आले, आणि नक्कल हा शब्द हळूहळू अपुरा पडू लागला. या यंत्रांना मॉडेलर म्हणतात. गिटारच्या तारेतून येणारा संदेश सेकंदाला ४४,१०० वा ४८,००० वेळा मोजायचा, व्हॉल्व्हने त्याचे काय केले असते ते गणिताने काढायचे, त्यावर स्पीकर आणि मायक्रोफोन यांची छाप उमटवायची आणि सारे थेट मिक्सरकडे धाडायचे, अशी त्यांची रीत. या हिशेबाला दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे एक मीटर जातो. म्हणजे वादक आपल्या स्पीकरपासून एक पाऊल मागे सरकला, इतकाच काय तो फरक. अमेरिका-ऑस्ट्रेलियातील मोठमोठ्या चर्चमधून मंचावरचे स्पीकर हटले, वादकांच्या कानात इअरफोन आले, ढोलवादक काचेआड गेला. तिकडचे हे वळण चित्रफितींतून आमच्या तरुणांपर्यंत पोहोचले नसते तरच नवल.

आमच्याकडे हा विषय आमच्या पुतण्याने आणला. मास्तर २०२१ च्या महामारीत गेले होते. पहिल्या बाकावर आता आम्ही एकटेच बसत असू. ॲम्प्लिफायर काढण्याची भाषा आम्हाला मास्तरांना दुसऱ्यांदा पोचवण्यासारखी वाटली, आणि आम्ही पुतण्याला नको ते बोललो. त्याने उलट उत्तर दिले नाही. “काका, एकदा फक्त ऐका,” एवढेच म्हणाला. एका शनिवारी संध्याकाळी आम्हाला वेदीकडे पाठ करून बसवले. त्याने एकच गीत सहा वेळा वाजवले. कधी व्हॉल्व्हवर, कधी मॉडेलरवर, आणि दोन्ही वेळा चर्चच्याच स्पीकरमधून, सारख्याच आवाजात. व्हॉल्व्हचा आवाज कोणता ते आम्ही दर वेळी ओळखायचे होते. सहापैकी तीनदा चुकलो. नाणे उडवले असते तरी याहून वाईट निकाल लागला नसता. छत्तीस वर्षांचा कान म्हणून जे काही आम्ही मिरवीत होतो, ते त्या संध्याकाळी बाकावर ठेवून घरी आलो.

तरीही आम्ही हट्ट सोडला नसता. तो सोडवला आमच्या मंडळीतल्या एका आत्याबाईंनी. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, टिळकांची गीते तोंडपाठ, कानाला यंत्र. पूर्वी दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या आत्याबाई कित्येक वर्षांपासून अगदी मागे, दाराजवळ बसत. उशिरा येतात म्हणून मागे बसत असतील, असे आम्ही धरून चाललो होतो. २०२३ च्या जून महिन्यात ॲम्प्लिफायर दुरुस्तीला पडला आणि नाइलाजाने तीन रविवार मॉडेलर लागला. तिसऱ्या रविवारी आत्याबाई दुसऱ्या बाकावर बसलेल्या दिसल्या. उपासना संपल्यावर आम्ही सहज चौकशी केली. त्या म्हणाल्या, “तुझी गिटार वाईट नव्हती रे. पण तिच्यापुढे माझं गाणं मलाच ऐकू येत नसे. यंत्रात नुसता गलका व्हायचा. मागे बसलं की निदान शेजारणीचं तरी कानावर पडे.”

आम्ही काही बोललो नाही. इतकी वर्षे त्यांनी तक्रार का केली नाही, हेही विचारले नाही. उत्तर ठाऊक होते. त्या कमिटीत नव्हत्या, आणि मास्तरांविषयी त्यांना आदर होता. ज्यांचे गाणे उचलून धरण्यासाठी आम्ही तेथे उभे होतो, त्यांनाच आम्ही दारापर्यंत ढकलीत नेले होते. आणि ज्याला आम्ही चर्चचा आवाज म्हणत होतो, तो बव्हंशी आमचा आवाज होता. कमिटीपुढे ऐकलेला तो जुना टोमणा त्या दिवशी नीट समजला.

पुढल्या आठवड्यात पुतण्याने आणखी एक गोष्ट सुचवली. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे. ठरावीक ध्वनींची काही मिनिटांची फीत आपल्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायची, समोर मायक्रोफोन ठेवून बाहेर पडलेले ध्वनिमुद्रित करायचे, आणि आत गेलेले व बाहेर आलेले यांतला फरक संगणकाला शिकवायचा. मग त्या एका ॲम्प्लिफायरचा, त्या एका मांडणीतला स्वभाव एका छोट्या फाइलमध्ये उतरतो. दुरुस्त होऊन आलेला ॲम्प्लिफायर आम्ही चर्चमध्ये शेवटचा नेला. वीस मिनिटे तापू दिला. ‘कट’चे बटण पांढऱ्या ठिपक्यावर आणले आणि बाजूला झालो. आमच्या मॉडेलरमध्ये आज जी फाइल वाजते ती हीच. मांडणी बदलली तर फाइल नवी घ्यावी लागते, हे त्या तंत्राचे उणे आहे. आम्हाला ते उणे वाटले नाही. ते बटण मास्तरांच्या पश्चात कोणी हलवलेच नव्हते.

येथे हा लेख संपवता आला असता. पण नव्याची बाजू घेताना त्याचे देणे लपवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. पहिले दोन महिने आम्ही सर्व वादक कानांत इअरफोन घालून वाजवीत होतो. सारे काटेकोर ऐकू येत होते: पेटी, तबला, आपली गिटार. ऐकू येत नव्हती ती मंडळी. अडीचशे माणसे समोर गात आहेत आणि आपण आपापल्या खोलीत बसून वाजवतो आहोत, असा तो अनुभव. एका रविवारी मंडळी एका कडव्यावर रेंगाळली. पूर्वी अशा वेळी मास्तर पेटीचा भाता सैल सोडीत आणि आम्ही त्यांच्या मागे थांबत असू. त्या दिवशी आम्ही कोणीच थांबलो नाही. गाणे फाटले. व्हॉल्व्हच्या काळात आम्ही मंडळीला आमचे ऐकायला लावले होते. आता मंडळीचे आम्हाला ऐकू येईनासे झाले. यंत्र बदलले तरी दोष तोच.

यावर एक कान मोकळा ठेवण्याचा उपाय आम्ही केला. त्यात दुसऱ्या कानातला आवाज नकळत वाढवला जातो आणि उरलेला कानही थकतो, हे लवकरच ध्यानी आले. मग पुतण्याने छताच्या तुळईला एक मायक्रोफोन टांगला, त्याचे तोंड बाकांकडे केले आणि तो फक्त वादकांच्या इअरफोनमध्ये सोडला. आता गिटारच्या वर आम्हाला मंडळी ऐकू येते: खोकला, लहान मुलाचे रडणे, पाने उलटण्याची सळसळ, आणि दुसऱ्या बाकावरून अर्धी मात्रा मागून येणारा एक जुना आवाज. आम्ही तालासाठी त्या आवाजाकडे कान ठेवतो. तबलजीला हे प्रथम पसंत नव्हते. आता तोही ठेवतो.

एसी-थर्टी आमच्या घरी आहे. बंद ठेवल्यास त्यातले कपॅसिटर बिघडतात, म्हणून महिन्यातून एकदा तो लावतो आणि शेजारी झोपलेले नसतील अशा वेळी दोन गीते वाजवतो. तो आवाज आजही आम्हाला प्रिय आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मॉडेलर एका मिनिटाच्या आत तयार होतो. उपासनेआधी पाच मिनिटे आलो तरी चालेल, असे पुतण्या म्हणतो. आम्ही अजून साडेआठलाच जातो. तापवण्यासारखे तेथे आता काही नाही. पहिल्या बाकावर बसून त्या दिवशीच्या गीतांचे शब्द वाचून काढतो; इतक्या वर्षांत त्यातली पुष्कळशी आम्ही केवळ वाजवली होती. मागच्या महिन्यापासून पुतण्याही थोडा लवकर येऊ लागला आहे. तो शेजारी बसतो, तारा जुळवतो. बोलणे फारसे होत नाही.