नातवाची वही आणि गुणाढ्याची पोथी

अद्भुत कथा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असें माझें मत होतें. जन्मभर व्याकरण शिकविलेल्या मास्तराचें दुसरें कोणतें असणार? गेल्या चातुर्मासांत माझ्या बारा वर्षांच्या नातवानें एक वही माझ्या हातीं दिली. तींत आमचेंच अचलपूर होतें. परंतु तेथील माणसें पादुका घालून क्षणांत चिखलदऱ्यास जात, आणि प्रत्येक वाड्यांत मागाल तें अन्न देणारें एक पातेलें असे. त्याचें कोणास नवल नव्हतें. तंटा होता तो एवढाच कीं, जेवणें उरकल्यावर पातेलें घासावयाचें कोणीं! मीं पहिल्याच पानावर तांबड्या शाईनें ‘असंभाव्य’ असा शेरा मारून वही परत केली. त्यानंतर त्यानें कांहीं लिहिलें नाहीं.

पुढें कार्तिकांत सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ पुन्हां चाळावयास घेतला. अकराव्या शतकांत काश्मीरची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ रचिलेला हा ग्रंथ १८ लंबकांचा व २० हजारांहून अधिक श्लोकांचा आहे. आरंभींच पुत्रकाची कथा लागली. मयासुराचे दोन मुलगे बापाच्या इस्टेटीकरितां हातघाईवर आलेले. इस्टेट ती काय, तर आकाशगामी पादुका, लिहावें तें खरें करणारी काठी, आणि इच्छिलेलें अन्न देणारें भांडें! पुत्रक त्या दोघांस धावण्याची शर्यत लावावयास सांगतो आणि ते धावूं लागतांच पादुका घालून तिन्ही वस्तूंसह निघून जातो. वाचतां वाचतां मी ओशाळलों. जादू घरांत आली तरी भाऊबंदकी घराबाहेर जात नाहीं, हेंच तर नातवाच्या पातेल्यानें सांगितलें होतें. जेथें चमत्कार नित्याचा, तेथें वाचकाची दृष्टि चमत्कारावरून निघून माणसाच्या स्वभावावर जाते; ह्या कथांचें मर्म हेंच.

त्याच ग्रंथांत मूळ बृहत्कथेचा कर्ता जो गुणाढ्य, त्याची हकीकत आहे. तो आपल्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजाच्या पदरचा. त्यानें पैशाची भाषेंत, स्वतःच्या रक्तानें, सात लक्ष श्लोक लिहिले. राजानें ते तुच्छ लेखून परत पाठविले. तेव्हां गुणाढ्य अरण्यांत एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि अग्नींत टाकी. पशु चारा सोडून ऐकत राहिले, त्यांचें मांस वाळलें, तें खाऊन राजा आजारी पडला. मग कोठें त्याचे डोळे उघडले. तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलें तें एक लक्ष.

तांबडी शाई हातीं असलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्यानें हा राजा स्मरणांत ठेवावा.

मीं नातवास बोलावून वही मागितली. तो खालीं पाहून म्हणाला, “आजोबा, पानें फाडून मीं नावा केल्या आणि सापन नदींत सोडल्या. दोनच उरलीं आहेत.”

त्यानें तीं आणून दिलीं. पहिल्या पानावर माझा शेरा तसाच होता. त्यावर मीं काट मारली आणि विचारलें, “मग तें पातेलें अखेर घासलें कोणीं?”

थोडा वेळ तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तें अजून ठरायचें आहे,” आणि माझ्याच मेजावरची लेखणी उचलून लिहावयास बसला.