तांबडी माती, काळी माती आणि चाकातले पाणी

आपल्या जिल्ह्याची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर एकदा खानापुराहून अथणीपर्यंत जावे. निघताना पायाखाली तांबडी माती असते, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि पश्चिमेला कणकुंबीचे डोंगर. दुपारपर्यंत कृष्णाकाठची काळीभोर जमीन लागते. आपल्या घरांत जशा दोन भाषा नांदतात, तशा या एका जिल्ह्यात दोन जमिनी नांदतात. कन्नड शेतकरी एकीला मसारी म्हणतो, दुसरीला एरी. मागच्या उन्हाळ्यात हा प्रवास मी एका साध्याशा प्रश्नासाठी केला. जुन्या ट्रॅक्टरच्या चाकात पाणी भरावे की नाही?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांनी घेतलेला एचएमटी 3511 अजून चालतो आहे. एचएमटीने 1971 साली झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि 2016 साली केंद्र सरकारने हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे असा ट्रॅक्टर ज्याच्या दारात आहे, तो त्याला म्हाताऱ्या बैलासारखा जपतो. शेती धाकटा भाऊ पाहतो. मी कॉलेजात शिकवणारा, सुट्टीला जाऊन सल्ले देणारा.

अडचण अशी होती, की माळाच्या चढावर नांगर लावला की मागची चाके जागच्या जागी फिरत. टायरची नक्षी झिजलेली. नवी जोडी घ्यायची तर पुतण्याच्या फीचे पैसे त्यात जाणार. मेकॅनिकने सोपा उपाय सांगितला, "ट्यूबमध्ये पाणी भरा, काही खर्च नाही." आमच्या सौ.चे माहेर अथणीकडचे. तिच्या मामांनीही फोनवर तेच सांगितले, "गाल्याग नीर तुंबस्री, जावईबापू!" कन्नडात चाक म्हणजे 'गाली' आणि हवा म्हणजे 'गाळी'. ल आणि ळ यांत जेवढे अंतर, तेवढ्यावरच हा सारा वाद उभा होता.

भाऊ तयार होता, भावजय मात्र नको म्हणत होती. ट्रॅक्टर आता पुतण्या चालवतो आणि आमच्या शेतातल्या मेरा अरुंद, उताराच्या. "वजन वाढवून पोराला त्यावर बसवायचं का?" असा तिचा सरळ प्रश्न होता. तेव्हा ठरले, की मामांच्या शेतात जाऊन प्रत्यक्ष पाहून यावे.

बेळगाव मागे पडले की घाटप्रभेचे खोरे लागते आणि भाताची जागा ऊस घेतो. कुडचीला कृष्णा ओलांडून उगारच्या बाजूला गेलो. पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जाणारा हा पूल मे महिन्यात निवांत असतो. तिथून अथणीपर्यंत शेतांत उन्हाळी नांगरट चाललेली. ढेकळे एवढी मोठी, की उचलायला दोन हात लागावेत.

मामांनी आम्हाला चहाआधी शेतातच नेले. त्यांच्या ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांत पाणी होते. ते भरण्याची रीतही त्यांनी दाखवली. चाक जॅकवर उचलायचे, व्हॉल्व्ह सर्वांत वर आणायचा, आतली पिन काढून नळी लावायची, मधूनमधून हवा बाहेर जाऊ द्यायची. पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आले, की टायर साधारण पाऊण भरला असे समजायचे. उरलेल्या जागेत हवा. आमच्या 12.4-28 मापाच्या टायरमध्ये या हिशोबाने दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावते. दोन्ही चाकांचे मिळून तीनशे किलो, म्हणजे पन्नास किलोची सहा पोती. अमेरिका-कॅनडात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि ट्यूब गळली की ते रिम खाऊन टाकते. आपल्याकडे साधे पाणी पुरते. पण जुन्या रिमला गंज असेल तर साधे पाणीही तो वाढवते.

मामांचा पलटी नांगर खोल जात होता आणि चाक घसरत नव्हते. भावाचे डोळे चमकले. मी विचारले, "पाऊस पडल्यावर काय करता?" मामा हसले. "पाऊस पडल्यावर एरीत ट्रॅक्टर घालतो कोण? वाफसा येईपर्यंत आम्ही घरी बसतो." ओल्या काळ्या जमिनीत जड चाक गेले, की माती खाली दाबून घट्ट होते, आणि मग मुळांना ना हवा मिळते ना पाणी मुरते. मामांची जमीन वजन मागते, पण कोरडी असतानाच.

आमची जमीन तर ओली असतानाच कामाला बोलावते! जूनच्या पावसात चिखलणीला लोखंडी केजव्हील लावून खाचरात उतरायचे. चिखलात वजन म्हणजे रुतणे. नांगरटीला पाणी भरा आणि चिखलणीला काढा, असे दर हंगामात कोण करणार? शिवाय पंक्चर झाले, तर दीडशे लिटर पाणी रिकामे करून ते जड चाक उतरवणे हे रस्त्याकडेच्या एकट्या माणसाचे काम नव्हे. हवेची जागा थोडी उरल्यामुळे ट्रॉली घेऊन रस्त्याने जाताना हादरेही जास्त बसतात.

भावजयीच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच मिळाले. मामा म्हणाले, "चढावर मागच्या चाकाला पकड मिळाली आणि ओढ जास्त असली, की पुढची चाकं उचलतात. चाक घसरलं तर गाडी नुसती थांबते." घसरणारे चाक हे घरातल्या फ्यूजसारखे असते. ते घसरते म्हणून जुना क्लच, गिअर आणि मागचा ॲक्सल वाचतो, कधी चालवणाराही वाचतो. पाण्याने पकड वाढते, पण पुढची बाजू काही जड होत नाही.

निघताना मामांनी मोजण्याची एक रीत सांगितली. टायरवर खडूने खूण करावी. नांगर जमिनीत असताना चाकाचे दहा फेरे मोजून तेवढे अंतर आखून घ्यावे. मग नांगर उचलून तेच अंतर चालावे. नऊ फेरे लागले तर घसरण दहा टक्के, साडेआठ लागले तर पंधरा. या दोहोंच्या मध्ये असेल, तर चाकाला हात लावू नये. दहाच्या खाली असेल, तर उगाच वजन वाहून डिझेल जाळतो आहोत असे समजावे.

घरी येऊन मोजले. आठ फेरे, म्हणजे वीस टक्के. थोडे वजन हवे होते, हे खरेच. आम्ही पाणी भरले नाही. जुन्या बाजारातून चाकाला बोल्टने बसणाऱ्या लोखंडी चकत्या आणल्या, पुढच्या बंपरलाही वजन लावले आणि माळावर नांगर दोन बोटे वर धरला. पुन्हा मोजले तेव्हा साडेआठाच्या किंचित वर फेरे आले. चिखलणीच्या आधी पुतण्याने एकट्याने चकत्या काढून पडवीत ठेवल्या. भाऊ म्हणाला, "पाणी फुकट होतं, दादा." भावजय काही बोलली नाही, पण त्या दिवशी पोराचा डबा घेऊन ती स्वतः खाचरावर गेली.

मामा आजही पाणी भरतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. वाचकहो, पाहुण्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण तो कोणत्या मातीतला आहे हे आधी विचारून घ्यावे. अथणीचे शहाणपण खानापुरात आणताना वाटेत जमीन बदलते, तेवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.