घोडाझरीच्या काठावर

रोवणी आटोपली की धानपट्ट्यातल्या घरांना चार दिवसांची उसंत मिळते. पोरे कुठेतरी फिरायला नेण्याचा हट्ट धरतात. अशा वेळी फार लांब जायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात घोडाझरीचा तलाव आहे. नागभीडला रेल्वे आहे, एस.टी. आहे. भाकरी बांधून निघालात, तर दिवसभरात पाहून परतता येते.

स्वित्झर्लंडसारख्या थंड देशांत बर्फाच्या डोंगरांमध्ये मोठी निळी सरोवरे आहेत. जगभरचे लोक ती पाहायला जातात. त्यांतली बरीचशी हिमनद्यांनी कोरलेली आहेत. आपला घोडाझरी मात्र माणसांनी बांधला, तोही इंग्रजी अमदानीत, धानाला पाणी मिळावे म्हणून. डोंगरांच्या कुशीत पाळ घालून पाणी अडवले आणि त्याला कालवा काढला. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून पाणी फेसाळत कोसळते. ते पाहायला आणि त्या तुषारांत भिजायला दूरदूरची माणसे येतात. भोवती हिरवे डोंगर आणि समोर पसरलेले पाणी पाहून डोळे निवतात.

पण गंमत करताना भान सुटू देऊ नये. मार्च २०२५ मध्ये याच तलावात पाच तरुण बुडाले. तलावाचा तळ सारखा नसतो. काठाशी गुडघाभर असलेले पाणी पुढच्याच पावलाला डोक्यावर जाते. सांडव्याचा दगड शेवाळाने निसरडा होतो. म्हणून लेकरांचा हात सोडू नका आणि पोहता येते म्हणून कोणी खोल पाण्यात शिरू नका.

भोवतीचे जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे. ताडोब्याकडून उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाणाऱ्या वाघांची वाट याच पट्ट्यातून जाते. तेव्हा झाडीत एकट्याने शिरू नये आणि सूर्य कलण्याआधी परतीला लागावे.

आणखी एक सांगायचे. जेवण झाले की पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या गोळा करून घरी न्या. शहरचा पाहुणा हा तलाव सहलीपुरता पाहतो. आपल्या लेखी तो धानाचा पोशिंदा आहे. धान निसवताना पाऊस दडी मारतो, तेव्हा याच पाण्याची एक पाळी शेतकऱ्याचे वर्ष वाचवते. अशा पाण्यात घाण टाकणे म्हणजे आपल्याच बांधीत टाकणे होय.