अडथळेराव

धावण्याच्या शर्यती तुम्ही पाहिल्या असतील, पण अडथळेरावांशी तुमची नीट ओळख नसणार. पुरुषांच्या ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ते प्रत्येक धावपट्टीवर दहाच्या दहा भाऊ घेऊन उभे राहतात. उंची १०६.७ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन फूट. वजन किमान दहा किलो. वरच्या आडव्या फळीवर गडद-फिकट पट्टे, कारण नजरेत भरलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट.

जागेच्या बाबतीत गृहस्थ अतिशय काटेकोर. पहिला भाऊ सुरुवातीच्या रेषेपासून १३.७२ मीटरवर, पुढे दर दोघांत ९.१४ मीटर, शेवटच्यापासून अंतिम रेषेपर्यंत १४.०२. पहिल्यापर्यंत सात किंवा आठ पावलं, मग दोन भावांमध्ये तीनच. चौथं टाकलं की पुढे येणारा पाय बदलतो आणि सगळी लय विस्कटते. उंच धावपटूला ते पावलं आखडायला लावतात, बुटक्याला ताणायला. सवलत कुणालाच नाही.

त्यांचे पूर्वज इंग्लंडात मेंढ्या कोंडायच्या कुंपणाचे, जमिनीत रोवलेले आणि आडमुठे. त्यांना धडकणारा स्वतःच आपटायचा. सध्याचे अडथळेराव मात्र पडायला तयार असतात. त्यांचे पाय धावणाऱ्याच्या दिशेने असतात, त्यामुळे फळीला धक्का बसला की ते पुढे कलतात आणि आडवे होतात. नुसतं पाडलं म्हणून बाद करत नाहीत. किंमत मात्र वसूल करतात. मांडी किंवा घोटा घासला की वेग उतरतो आणि पुढच्या भावापाशी पाऊल चुकतं.

अडथळा तर किल्ल्याचा तटही असतो. गोव्यात, पेडण्यातल्या आमच्या हळर्णला शापोरा नदीच्या काठी किल्ला आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला आणि पुढे त्या व्हाइसरॉयला पदवी मिळाली ती याच गावाच्या नावाची. त्या तटाचं काम माणसाला बाहेर ठेवणं. अडथळेरावांचा स्वभाव नेमका उलटा, कुणी तरी आपल्यावरून जावं म्हणूनच ते उभे असतात.

मर्जी फिरायला त्यांना वेळ लागत नाही. कोलोनचा मार्टिन लाउअर बावीस वर्षांचा होता. ७ जुलै १९५९ रोजी झुरिचला त्याने ११० मीटर अडथळे १३.२ सेकंदांत पार केले, जागतिक विक्रम! पुढच्याच वर्षी रोमच्या ऑलिंपिकमध्ये हेच महाशय रुसले आणि लाउअर चौथा आला. त्याला सुवर्ण मिळालं ते ४ × १०० मीटर रिलेत, जिथे यांचा एकही भाऊ नव्हता.

आपले गुरबचनसिंग रंधावा १९६४ साली टोकियोत याच शर्यतीत पाचवे आले. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पाचवा, ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपण पुरेसं बोलत नाही.

मराठी मुलखाशी त्यांचं नातं अलीकडे फार गोड झालं आहे. मुंबईच्या सिद्धांत थिंगालयाने २०१७ साली १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मग छत्रपती संभाजीनगरकडच्या तेजस शिरसेची पाळी आली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या आणि त्यात त्याने महाराष्ट्रासाठी सुवर्ण नेलं. लगेच पुढच्या मे महिन्यात, फिनलंडमधल्या य्युवास्कुला शहरात, तो १३.४१ सेकंदांत रेषेवर पोचला आणि विक्रम त्याच्या नावावर आला. सात वर्षांत सात शतांश सेकंद! अडथळेराव पगारवाढ देतात ती अशी.

आणि तरीही पॅरिस ऑलिंपिकचा थेट प्रवेश १३.२७ ला होता. चौदा शतांशांचं अंतर दहा भावांत वाटून पाहा, प्रत्येकावर दीड शतांशाहून कमी येतं. तेवढंच मागतात ते: फळीवरून आणखी थोडं लगटून जा, पुढचा पाय लवकर जमिनीला लाव, मागचा पाय बगलेजवळून वेगाने पुढे आण. हवेत फार वेळ राहिलेला माणूस त्यांना आवडत नाही. उडी मारणारा तर अजिबात नाही. त्यांना धावणाराच हवा.

लहान मुलांपुढे मात्र ते वाकतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ९१.४ सेंटिमीटर, वीसखालच्यांसाठी ९९.१. महिलांच्या १०० मीटर शर्यतीत ८३.८. त्याहून लहानांसाठी गुडघ्याएवढेही होतात, आणि मग बांबूची काठी दोन विटांवर ठेवली तरी त्यांना अपमान वाटत नाही. लय शिकायला दहा भाऊ लागत नाहीत, तिघे पुरतात. पेडण्यातल्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर हे तिघे उभे राहावेत, आणि दर पावसाळ्यानंतर मैदान सुकलं की पहिल्या आठवड्यातच.